पेरी मेसनच्या ‘टेरिफाइड टायपिस्ट’चा शेवट : निकाल फिरला, पण न्याय झाला का?

नवी पेठ वाचक, सोलापूर

नमस्कार. ‘पेरी मेसन’ या जुन्या अमेरिकी मालिकेतील ‘द केस ऑफ द टेरिफाइड टायपिस्ट’ या भागाविषयी मला येथील जाणकारांना प्रश्न विचारायचा आहे. पुढे शेवट उघड केला आहे, म्हणून ज्यांना तो भाग अजून पाहायचा असेल त्यांनी कृपया येथेच थांबावे.

माझे वडील रेल्वेत गार्ड होते. सोलापूरहून वाडीला किंवा दौंडला गाडी घेऊन गेले की परतीच्या गाडीपर्यंत रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या कर्मचाऱ्यांच्या विश्रांतिगृहात, काढायचे तास ते पेरी मेसनचे जनक अर्ल स्टॅन्ले गार्डनर यांच्या कादंबऱ्या वाचून काढत. फलाटावरच्या पुस्तकांच्या गाड्यावरून घेतलेल्या त्या कादंबऱ्यांची एक पत्र्याची ट्रंक आजही आमच्या माळ्यावर आहे. दोन महिन्यांपूर्वी ती खाली काढली, तेव्हा याच नावाच्या १९५६ सालच्या कादंबरीच्या शेवटच्या पानावर, छापील मजकूर संपतो त्याच्या खाली, वडिलांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेले दोन शब्द दिसले : ‘पटत नाही’. इतर कोणत्याही पुस्तकात त्यांनी असे काही लिहिलेले नाही. मी ट्रंकेतली सगळी पुस्तके उलटून पाहिली. त्यानंतर मी याच कथेवरचा, जून १९५८ मध्ये प्रथम दाखवलेला भाग पाहिला आणि तो संपल्यावर माझ्याही मनात नेमके तेच दोन शब्द आले.

ज्यांनी भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी कथेचा गाभा थोडक्यात सांगतो. पेरी मेसन या वकिलाच्या कार्यालयात तातडीच्या कामासाठी टंकलेखिका हवी असते. एक तरुणी येते, सगळे जण तिला संस्थेने पाठवलेली टंकलेखिका समजतात, ती घाबरलेल्या अवस्थेतही उत्तम काम करते आणि अचानक नाहीशी होते. त्याच इमारतीत हिऱ्यांचा व्यापार करणाऱ्या एका कंपनीचे कार्यालय असते आणि तेथे कोणीतरी घुसल्याचा बोभाटा झालेला असतो. पुढे त्या कंपनीचा ड्युएन जेफरसन नावाचा कर्मचारी खुनाच्या आरोपात अडकतो, त्याचा बचाव मेसनकडे येतो, खटला ज्यूरीपुढे, म्हणजे बारा सामान्य नागरिकांच्या मंडळापुढे, चालतो आणि ज्यूरी चक्क ‘दोषी’ असा निर्णय देते.

हा क्षण मला फार मोलाचा वाटला. १९५७ ते १९६६ या काळात या मालिकेचे २७१ भाग झाले आणि त्यांतल्या बहुतेकांचा साचा आपल्याला पाठ आहे : मेसनची उलटतपासणी टिपेला पोहोचते, साक्षीदार किंवा मागच्या बाकावर बसलेला कोणीतरी कोसळतो आणि गुन्हा कबूल करतो. बऱ्याच भागांत तर पूर्ण खटलाही नसतो, केवळ न्यायाधीशापुढची प्राथमिक सुनावणी असते. येथे मात्र बारा जणांनी ऐकून, विचार करून मेसनच्या विरुद्ध निर्णय दिला. मी खुर्चीत सरसावून बसलो, कारण आता मालिका एका खऱ्या प्रश्नाला हात घालणार असे वाटले. निष्णात वकील हरला तर तो काय करतो? आपला अशील खरोखरच खुनी असेल तर त्याच्या बचावाचा अर्थ काय?

पण शेवटी निघते ते असे की आरोपी हा ड्युएन जेफरसन नसून त्याच्या नावाने वावरणारा तोतया आहे. ज्यूरीने ‘ड्युएन जेफरसन’ला दोषी ठरवले, तो माणूस तर हा नव्हे, म्हणून निर्णय रद्द. म्हणजे खुनी तोच, पिंजऱ्यात उभा होता तोही तोच, पुरावा त्याच्याविरुद्धचाच, आणि तरीही मेसनच्या नावापुढे पराभव लागू नये म्हणून सगळा खटला पाण्यात गेला. मला यात रहस्याची उकल दिसली नाही, कागदाची पळवाट दिसली.

माझे प्रश्न दोन आहेत. कायद्याच्या दृष्टीने असे घडू शकते का, विशेषतः आपल्याकडे? आणि कथा म्हणून हा शेवट तुम्हाला न्याय्य वाटतो का?

निवृत्त लघुलेखक, जुळे सोलापूर

आपला प्रश्न वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण माझी सारी नोकरी न्यायाधीशांच्या उजव्या हाताला बसून साक्षी टंकण्यात गेली. कायद्याचे उत्तर वकील मंडळी देतील. माझी निराशा शेवटाच्याही आधी सुरू होते आणि ती टंकलेखिकेविषयी आहे.

या कथेचे नावच तिच्यावर आहे. आरंभी तिचे जे चित्र उभे केले आहे ते टंकलेखन करणाऱ्या माणसाला लगेच पटते. भीतीने हात थरथरतात हे खरे, पण ज्याची बोटे वर्षानुवर्षे कळफलकावर बसलेली आहेत त्याची बोटे मन ठिकाणावर नसतानाही चालत राहतात. माझ्या वडिलांच्या निधनानंतर तेरावा उरकून मी कामावर आलो, त्या दिवशीची साक्ष मी काय टंकली हे मला आठवत नाही, परंतु संध्याकाळी तपासली तेव्हा तिच्यात एकही खाडाखोड नव्हती. दोन कार्बन घालून तीन प्रती काढताना एक अक्षर चुकले तर तिन्ही कागदांवर रबर चालवावे लागे, कार्बनच्या मध्ये कागदाचा कपटा सरकवावा लागे, नाहीतर खालच्या प्रतीवर काळा डाग उमटे. अशा कामात घाबरलेली मुलगी स्वच्छ पाने काढून देते, यात तिच्या आयुष्याची केवढी तरी गोष्ट दडलेली आहे. मूळ कादंबरीत तर तिने काम केले त्या मेजाखाली चघळलेल्या गोंदात चिकटवलेले हिरे सापडतात. इतकी भक्कम सुरुवात करून लेखक पुढे तिला खटल्याच्या सोयीपुरती वापरतो आणि शेवटचा सारा प्रकाश नावाच्या घोळावर टाकतो. जिच्या भीतीने वाचक आत ओढला गेला, तिची भीती शेवटी कोणाला आठवतही नाही.

दुसरे म्हणजे, साक्षीदार पिंजऱ्यात कोसळून खरे सांगतो हे दृश्य मी माझ्या नोकरीत कधीही पाहिले नाही. आपल्याकडची उलटतपासणी कागदावर कशी उतरते हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वकील सूचना करतात, साक्षीदार नाकारतो आणि न्यायाधीश लिहून घ्यायला सांगतात : ‘हे म्हणणे खरे नाही की, मी घटनेच्या वेळी तेथे हजर नव्हतो. हे म्हणणे खरे नाही की, मी फिर्यादीच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे.’ अशा ओळींनी पानेच्या पाने भरत. वकिलाचे यश त्या नकारांच्या मध्येच एखाद्या साध्या होकारात असते. ‘त्या वेळी रस्त्यावरचा दिवा बंद होता, हे खरे आहे’ एवढे एक वाक्य टंकताना समोरच्या बाकावर सरकारी वकील मान खाली घालून काहीतरी शोधू लागत, आणि मला कळे की खटला येथे वळला. म्हणून हा भाग कबुलीजबाबाशिवाय ज्यूरीच्या निर्णयापर्यंत गेला याचे मला आपल्याइतकेच अप्रूप वाटले होते. ते टिकले नाही, याचे वाईट वाटते.

वकीलपत्र, जिल्हा न्यायालय परिसर

वर लघुलेखक अण्णांनी ‘हे म्हणणे खरे नाही की’ लिहिले आणि सकाळचे अर्धे कामकाज डोळ्यांपुढे आले. आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळतो.

आपल्याकडे हा शेवट टिकला नसता, आणि त्याचे कारण फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम २१५ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली असली तरी या बाबतीतले तत्त्व बदललेले नाही. दोषारोपात चूक राहिली तर एवढ्याने खटला बाद होत नाही. त्या चुकीने आरोपीची दिशाभूल झाली आणि त्यामुळे न्यायदानात बिघाड झाला, हे दिसले पाहिजे. त्या कलमाखाली दिलेली उदाहरणे विद्यार्थिदशेपासून आमच्या डोक्यात पक्की बसलेली आहेत. एका उदाहरणात आरोपीवर २१ जानेवारी १८८२ रोजी खोदाबक्ष याचा खून केल्याचा आरोप आहे, प्रत्यक्षात मृताचे नाव हैदरबक्ष आहे आणि तारीख २० जानेवारी आहे. परंतु आरोपीवर दुसऱ्या कोणत्याही खुनाचा आरोप कधी नव्हता आणि दंडाधिकाऱ्यापुढची चौकशी त्याने ऐकलेली होती, ती सर्वस्वी हैदरबक्षच्या प्रकरणाची होती. तेव्हा त्याची दिशाभूल झाली नाही, चूक महत्त्वाची नाही, असे न्यायालय मानू शकते. लगेच पुढच्या उदाहरणात मात्र दोन वेगवेगळे खून आहेत. आरोप एकाचा ठेवला आणि खटला दुसऱ्याचा चालवला, बचावाचे साक्षीदारही पहिल्याच प्रकरणाचे आलेले. तेथे आरोपी फसला आणि चूक गंभीर ठरते.

या दोन उदाहरणांच्या मध्ये आपला तोतया जेफरसन उभा करून पाहा. नाव आरोपीचे चुकले, मृताचे नव्हे, पण कसोटी तीच लागते. त्याला आपण कोण आहोत हे माहीत होते, कोणत्या खुनाबद्दल आपल्यावर खटला चालू आहे हेही माहीत होते. दिशाभूल झाली ती न्यायालयाची, आणि ती त्यानेच केली. दोषारोप ठेवताना न्यायाधीश आरोपीला नाव, वडिलांचे नाव, वय, धंदा आणि राहण्याचे ठिकाण विचारतात. तेथे खोटे नाव सांगणाऱ्याला पुढे ‘तो मी नव्हेच’ असे म्हणून सुटका मागता येणार नाही. स्वतःच्या लबाडीचा लाभ स्वतःला मिळत नाही, हे तत्त्व कोणत्याही कलमाहून जुने आहे. न्यायालय माणसाला शिक्षा देते, नावाला नव्हे.

आणि व्यवहारात तर हा प्रश्न आपल्याकडे एका शब्दाने सुटतो : ‘ऊर्फ’. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या, तेलुगू वस्तीतल्या प्रकरणांत घरचे तेलुगू नाव एक, कारखान्याच्या हजेरीपुस्तकातले दुसरे आणि गल्लीत हाक मारायचे तिसरे, असे नेहमी घडते. फिर्यादीत, दोषारोपपत्रात, मुद्देमालाच्या पावतीवर ‘अमुक ऊर्फ तमुक’ असे लिहिले जाते आणि खटला पुढे चालतो. ज्या दिवशी सरकार पक्षाला कळले असते की हा माणूस जेफरसन नव्हे, त्या दिवशी नावाच्या दुरुस्तीचा अर्ज आला असता आणि खऱ्या नावापुढे ‘ऊर्फ ड्युएन जेफरसन’ लागले असते.

मला याहून अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. मेसनने आपल्याच अशिलाचे बिंग फोडले. कथेत त्याचे समर्थन असे केले आहे की त्याला दक्षिण आफ्रिकेतल्या कंपनीने जेफरसनसाठी नेमले होते, या तोतयासाठी नव्हे. वकील म्हणून मला हे समर्थन मान्य होत नाही. तुरुंगात जाऊन त्याने ज्या माणसाशी बोलणी केली, ज्याच्या शेजारी तो उभा राहिला, तो त्याचा अशील. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम १२६ खाली पहिलेच उदाहरण होते : अशील वकिलाला सांगतो, मी बनावट दस्तऐवज केला आहे आणि माझा बचाव करा. दोषी माणसाचा बचाव करणे हा काही गुन्हेगारी हेतू नव्हे, म्हणून ते बोलणे गुप्तच राहते. याच कलमात अपवादही होते. वकीलपत्र घेतल्यानंतर अशिलाने काही गुन्हा किंवा लबाडी केल्याचे वकिलाच्या नजरेस आले तर तेवढ्यापुरते गोपनीयतेचे संरक्षण राहत नाही, आणि मेसनने अशिलाच्या तोंडून काही न ऐकता स्वतःच्या तपासातून ते शोधले असे म्हणायलाही जागा आहे. तरीसुद्धा, शिक्षेच्या तोंडाशी आलेल्या अशिलाकडे बोट दाखवून ‘हा तो नव्हेच’ असे सांगणारा वकील आणि त्याची होणारी वाहवा, हे पाहताना माझा जीव गुदमरतो. कथेने या प्रश्नावर पाच मिनिटे जरी खर्च केली असती तरी मी शेवट स्वीकारला असता.

कन्ना चौक, वाचनप्रेमी

मी वकील नाही. मराठी शाळेत भाषा शिकवते आणि रहस्यकथा मनापासून वाचते. माझे मत वरच्या तिघांपेक्षा वेगळे आहे.

वकीलसाहेबांनी कायद्याची जी बाजू मांडली ती मला पूर्ण पटली, तरी कथा म्हणून हा शेवट उपरा नाही असे मला वाटते. पहिल्या प्रसंगात काय घडते ते पुन्हा आठवा. दारात एक अनोळखी मुलगी येते, कार्यालयातली माणसे टंकलेखिकेची वाट पाहत असतात, म्हणून तिला टंकलेखिका ठरवले जाते. तिचे नाव, ओळख, कोणी पाठवले, यांतले काहीही कोणी नीट तपासत नाही, कारण ती त्यांना हवे असलेले काम करते. पुढे न्यायालयात हीच चूक मोठ्या आकारात घडते. रिकाम्या जागी बसलेला माणूस जेफरसनचे काम करतो, म्हणून तो जेफरसन. कंपनीने तेच मानले, पोलिसांनी तेच मानले, ज्यूरीनेही तेच मानले, आणि इतरांच्या चुका पकडणारा मेसनही दोन्ही वेळा फसला. लेखकाने उत्तर पहिल्याच पानावर आपल्या हातात ठेवले होते. ते आपल्याला दिसले नाही, याचा दोष मी शेवटाला देणार नाही.

गार्डनर यांच्या आयुष्यातली एक गोष्टही येथे सांगण्यासारखी आहे. लेखक होण्यापूर्वी ते कॅलिफोर्नियात वकिली करत. ऑक्सनार्ड या गावी त्यांच्याकडे चिनी अशील येत. लॉटरीच्या तिकिटांवरून त्यांच्यावर खटले भरले जाणार असे दिसताच गार्डनर यांनी दुकानदारांची आपसांत अदलाबदल केली. अधिकाऱ्यांनी ज्यांना ज्या नावाने पकडले, ती माणसे त्या नावांची नव्हतीच, आणि चेहरे न पाहता खटले भरणाऱ्यांची पंचाईत झाली. ज्या माणसाने ऐन उमेदीत हे केले, त्याला नावावर उलटणारा निकाल ही पळवाट वाटली नसेल. माणसाकडे न पाहता कागदाकडे पाहणाऱ्या यंत्रणेवरचा तो त्याचा राग असावा.

तरी एक तक्रार मलाही आहे. ऑक्सनार्डमध्ये ही युक्ती दुबळ्यांच्या बाजूने वापरली गेली, येथे ती खुन्याच्या वाट्याला आली. आणि ती उलगडण्यासाठी एका तासाच्या भागात उरलेला वेळ इतका थोडा आहे की, प्रेक्षकाला पहिला प्रसंग आठवून दोन टोके जुळवायला सवडच मिळत नाही. टंकलेखिकेबद्दल अण्णांनी जे लिहिले ते मला येथेच आठवते. शेवटी तिचा एखादा क्षण दाखवला असता तर ती जुळणी आपोआप झाली असती.

नवी पेठ वाचक, सोलापूर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, याबद्दल मनापासून आभार. कन्ना चौकातल्या ताईंचे उत्तर वाचून मी काल रात्री पहिला प्रसंग पुन्हा पाहिला आणि त्यांचे म्हणणे बरोबर आहे, हे मला मान्य करावे लागते. ‘पळवाट’ हा शब्द मी शेवटासाठी घाईने वापरला होता. बीज आधी पेरलेले आहे.

माझी निराशा मात्र पूर्ण गेलेली नाही, आणि ती का उरली हे आता मला अधिक नेमके सांगता येते. गार्डनर यांनी १९४८ साली चुकीने शिक्षा झालेल्या कैद्यांच्या प्रकरणांचा फेरतपास करण्यासाठी ‘कोर्ट ऑफ लास्ट रिसॉर्ट’ हा उपक्रम सुरू केला होता. न्यायालय चुकते म्हणजे काय होते, हे त्यांच्याइतके जवळून पाहिलेला रहस्यकथाकार विरळा. म्हणून या भागातल्या त्या बारा माणसांविषयी त्यांच्याकडून एखादे तरी वाक्य हवे होते. त्या बारा जणांनी खुनी बरोबर ओळखला होता. पुरावा ऐकून योग्य माणसाकडे बोट दाखवले होते. संपूर्ण कथेत न चुकलेले तेवढेच लोक, आणि त्यांनाच ‘तुमचा निर्णय रद्द’ असे सांगून घरी पाठवले जाते.

वकीलसाहेबांनी अशिलाविषयी लिहिलेला परिच्छेद मी आईला वाचून दाखवला. तिला इंग्रजी कादंबरी ठाऊक नाही, पण वडिलांचा तो शेरा तिला आठवत होता. ती म्हणाली की ते पुस्तक संपवून वडील घरी आले त्या दिवशी जेवताना एवढेच बोलले होते, ‘अरे, त्याने आपल्याच माणसाला धरून दिले.’ म्हणजे माझा समज इतके दिवस चुकीचा होता. त्यांना नावाचा घोळ खटकला नव्हता. त्यांना तेच खटकले होते, जे वकीलसाहेबांना खटकले.

अण्णा, आपल्याला एक विनंती आहे. न्यायालयातल्या टंकलेखनाविषयी, त्या तीन प्रती आणि कार्बनविषयी, आपण वेगळा धागा काढून सविस्तर लिहावे. मी वाचायला येईन.